डब्यावर न छापलेला आकडा: मांजराच्या ओल्या खाण्यातले कार्ब कसे काढायचे

आमचा गुंड्या नऊ वर्षांचा, साडेसहा किलोचा बोका. मध्येच तो पाणी फार प्यायला लागला, लिटर ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठमोठे दिसायला लागले, आणि भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागू लागला. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस आहे. इन्सुलिन सुरू करू आणि खाण्यातले कार्ब कमी करू." सुई कशी टोचायची ते त्यांनी दोनदा करून दाखवलं. त्या संध्याकाळी मी घरातले सगळे डबे आणि पाऊच ओट्यावर मांडले आणि त्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला बसले. प्रथिनं लिहिली होती, चरबी होती, तंतू होते, ओलावा होता. कार्ब, म्हणजे कर्बोदकं, एकाही डब्यावर नव्हते.

त्यात कुणाची लबाडी नसते. अमेरिकेत आणि युरोपात ज्या पद्धतीने ही लेबलं छापतात, त्यात कर्बोदकांचा आकडा देणं आजवर सक्तीचं नव्हतं, आणि आपल्याकडे मिळणारी बरीच लेबलं त्याच साच्यातली असतात. आकडा आपल्यालाच काढावा लागतो. गणित चौथीतलं आहे. मात्र उत्तरावर किती विसंबायचं हे कळायला थोडा वेळ लागतो, म्हणून त्या भागावर मी जास्त लिहिलं आहे.

आधी मांजराबद्दल थोडं

मांजर पक्कं मांसाहारी आहे. त्याच्या लाळेत पिठूळ पदार्थ पचवणारं अमायलेज नसतं, स्वादुपिंडात ते कमी असतं, आणि जेवणानंतर रक्तात एकदम आलेली साखर झटपट उचलणारं ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या यकृतात फारच कमी काम करतं. त्याला गोड चवही कळत नाही. गोडाची चव ओळखायला लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरांमध्ये मोडकं आहे, हे अमेरिकेतल्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. रसगुल्ला चाटणारं मांजर त्यातल्या दुधाच्या वासाला भुललेलं असतं.

मोकाट मांजरं उंदीर, पक्षी, सरडे जे काही मारून खातात, त्याचा हिशेब २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या रोजच्या ऊर्जेपैकी साधारण ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के चरबीतून आणि अवघी २ टक्के कर्बोदकांतून येते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात घरच्या मांजरांना वेगवेगळी खाणी पुढे ठेवून हवं ते निवडू दिलं, तेव्हा त्यांनी कर्बोदकं १२ टक्क्यांच्या आसपासच ठेवली.

पण म्हणून "मांजराला कार्ब पचतच नाहीत" असं कुणी सांगितलं तर तेही मानू नका. नीट शिजवलेला स्टार्च मांजर बऱ्यापैकी पचवतं. त्याला कर्बोदकांची गरज नाही आणि एका वेळी फार आली तर त्याची ओढाताण होते, इतकंच खरं. धडधाकट, सडपातळ मांजराने थोडे कार्ब खाल्ले म्हणून घाबरायचं कारण नाही. मधुमेहाशी लठ्ठपणाचं नातं कार्बपेक्षा जास्त पक्कं आहे. पण मधुमेह झालेलाच असेल, तर हा आकडा औषधाइतका महत्त्वाचा होतो.

पायरी पहिली: हा डबा जेवण आहे की तोंडी लावणं?

आकडे बघण्याआधी डब्यावर एक वाक्य शोधा. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर 'आफ्को' या संघटनेच्या निकषांनुसार हे खाणं 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आहे, असं लिहिलेलं असतं. युरोपी पद्धतीत नुसतं 'कम्प्लीट' लिहितात. याच जागी 'कॉम्प्लिमेंटरी', 'सप्लिमेंटल' किंवा 'इंटरमिटंट फीडिंग' असे शब्द दिसले, तर तो डबा तोंडी लावण्यापुरता आहे. जेलीत किंवा पाण्यात नुसते ट्यूनाचे तुकडे असलेले, दिसायला सुरेख असे बरेच डबे या दुसऱ्या गटातले असतात.

कार्ब कमी शोधणारा नवखा माणूस नेमका इथे फसतो. नुसत्या माशाच्या डब्यात कार्ब जवळजवळ शून्य येतात आणि आपण खूश होतो. पण त्यात टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल), कॅल्शियम, जीवनसत्त्वं हिशेबाने घातलेली नसतात. टॉरिन कमी पडलं की मांजराची दृष्टी जाते आणि हृदय कमकुवत होऊन फुगतं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिस विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी हे हृदयाबाबत दाखवून दिलं, आणि ती मांजरं रस्त्यावरची नव्हती, विकतचं खाणं खाणारी होती. त्यानंतर खाद्यातल्या टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. आज आफ्कोच्या निकषांत कोरड्या खाण्याला पाणी वगळून ०.१ टक्का टॉरिन लागतं आणि डब्यातल्या खाण्याला ०.२ टक्के, म्हणजे दुप्पट. माणसांसाठीचा ट्यूनाचा डबा तर रोजचं जेवण म्हणून मुळीच नको.

पायरी दुसरी: पाच आकडे वहीत उतरवा

डब्याच्या मागे 'गॅरंटीड अॅनालिसिस' किंवा 'अॅनालिटिकल कॉन्स्टिट्युएंट्स' नावाची छोटी चौकट असते. आयात केलेल्या डब्यावर आयातदाराचा एमआरपीचा स्टिकर कधीकधी तिच्यावरच चिकटवलेला असतो. दुकानातच कडेने हलक्या हाताने सोडवून बघा, किंवा त्याच डब्याचं पान कंपनीच्या संकेतस्थळावर उघडा. चौकटीतून इतकं घ्यायचं:

क्रूड प्रोटीन, क्रूड फॅट, क्रूड फायबर, मॉइश्चर आणि अॅश.

'क्रूड' हा शब्द वाचून दचकू नका. तो मोजण्याच्या पद्धतीला लावलेला शब्द आहे, त्यावरून मालाचा दर्जा ठरत नाही. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. याच फटीतून २००७ मध्ये अमेरिकेत मोठा अनर्थ झाला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे कागदावर प्रथिनं चांगली दिसली आणि मांजरं-कुत्री मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. परत मागवलेल्या मालात ग्रेव्हीतल्या तुकड्यांचे डबे आणि पाऊच मुख्यतः होते. प्रथिनांचा आकडा मोठा आहे एवढ्यावरून ते मांसाचं प्रथिन आहे असं ठरत नाही, हे तेव्हापासून माहीतगारांच्या डोक्यात पक्कं बसलं.

'अॅश' म्हणजे राख. डब्यात कुणी राख घालत नाही. खाणं पूर्ण जाळल्यावर मागे उरणारी खनिजं, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम वगैरे, म्हणजे राख. युरोपी लेबलवर ती असते, अमेरिकी लेबलवर बहुतेकदा नसते. नसेल तर ओल्या खाण्यासाठी २ ते २.५ टक्के आणि कोरड्यासाठी ७-८ टक्के धरा.

पायरी तिसरी: वजाबाकी

शंभरातून हे पाचही वजा करायचे. उरतील ते कार्ब.

मी इथे तीन काल्पनिक डबे घेते, म्हणजे कुठल्या कंपनीवर बोट जाणार नाही.

'अ' हा पाटे, म्हणजे वाटलेल्या मांसाचा घट्ट लगदा. प्रथिनं ११, चरबी ५, तंतू १, ओलावा ७८, राख २.५. बेरीज ९७.५. उरले २.५.

'ब' हे ग्रेव्हीतले तुकडे. प्रथिनं ८, चरबी २.५, तंतू १, ओलावा ८२, राख २. बेरीज ९५.५. उरले ४.५.

'क' हे कोरडं दाणेदार खाणं. प्रथिनं ३२, चरबी १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८. बेरीज ६४. उरले ३६.

इथपर्यंत आल्यावर 'अ' आणि 'ब' सारखेच वाटतात. अडीच काय नि साडेचार काय! मीही पहिल्या दिवशी असंच म्हणून दोन्ही पाऊच एका कप्प्यात ठेवले होते.

पायरी चौथी: पाणी बाजूला काढा, मग कॅलरी लावा

डब्यात चार भागांपैकी तीन भागांहून जास्त पाणीच असतं. पाण्यासकट केलेली तुलना म्हणजे पातळ वरणाची आणि घट्ट पिठल्याची वाटीला वाटी लावून तुलना. म्हणून आधी ओलावा काढून टाकायचा. शंभरातून ओलावा वजा केला की उरतो तो कोरडा भाग. 'अ'मध्ये २२, 'ब'मध्ये १८, 'क'मध्ये ९०. कार्बच्या आकड्याला याने भागून शंभराने गुणा.

'अ': २.५ भागिले २२, म्हणजे ११.४ टक्के.
'ब': ४.५ भागिले १८, म्हणजे २५ टक्के.
'क': ३६ भागिले ९०, म्हणजे ४० टक्के.

आता 'ब' पाटेकडून सरकून कोरड्या खाण्याच्या दिशेला गेलेला दिसतो.

याच्या पुढचा आकडा कॅलरीचा, आणि डॉक्टर मधुमेहाच्या संदर्भात बोलतात तो बहुधा हाच: एकूण कॅलरींपैकी किती टक्के कार्बमधून येतात. पाळीव प्राण्यांच्या खाण्यासाठी एक ग्रॅम प्रथिनाला ३.५, एक ग्रॅम चरबीला ८.५ आणि एक ग्रॅम कार्बला ३.५ किलोकॅलरी धरतात. माणसांच्या खाण्यासाठी आपण ४, ९, ४ धरतो, त्याहून थोडं कमी.

'अ' घेऊ. प्रथिनं ११ × ३.५ = ३८.५. चरबी ५ × ८.५ = ४२.५. कार्ब २.५ × ३.५ = ८.७५. एकूण ८९.७५ किलोकॅलरी, शंभर ग्रॅमला. कार्बचा वाटा ८.७५ भागिले ८९.७५, म्हणजे ९.७ टक्के.

याच रीतीने 'ब'मध्ये एकूण ६५ किलोकॅलरी येतात आणि कार्बचा वाटा २४ टक्के. 'क'मध्ये ३२३ किलोकॅलरी आणि ३९ टक्के.

मधुमेही मांजरासाठी पशुवैद्यांच्या मार्गदर्शक सूचनांत साधारण १२ टक्क्यांच्या आत, असा कॅलरींचा हिशेब सांगतात. म्हणजे 'अ' बसतो, 'ब' आणि 'क' बसत नाहीत. लक्षात घ्या, हा कॅलरींतला टक्का आहे. कोरड्या भागातला टक्का वेगळा आणि डब्यावरच्या आकड्यांतून आलेला कच्चा टक्का आणखी वेगळा. "या डब्यात १० टक्के कार्ब आहेत" असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा विचारते, कशाच्या १० टक्के?

काही कंपन्या, विशेषतः डॉक्टरांमार्फत मिळणाऱ्या आहारांच्या, '१०० किलोकॅलरीमागे इतके ग्रॅम' असा आकडा देतात. तो मिळाला तर सोनं. त्याला नुसतं ३.५ ने गुणा, कॅलरींतला टक्का आला. १००० किलोकॅलरीमागे दिला असेल तर आधी दहाने भागा.

दिवसाच्या पोटात किती गेले?

टक्क्यांपेक्षा मला हा हिशेब जास्त पटतो, कारण मांजर टक्के खात नाही. चार किलोचं, नसबंदी झालेलं, घरातच राहणारं मांजर दिवसाला साधारण २०० ते २४० किलोकॅलरींवर राहतं. २३० धरू. तेवढ्यासाठी 'अ' डबा २५६ ग्रॅम लागेल आणि त्यातून ६.४ ग्रॅम कार्ब जातील. 'ब' ३५४ ग्रॅम लागेल, त्यातून जवळजवळ १६ ग्रॅम. 'क' फक्त ७१ ग्रॅम पुरेल, पण त्यातून साडेपंचवीस ग्रॅम.

आता आपल्याकडची सवय बघा. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या कोळीवाड्यांत मांजराला मासळीचा भात घालतात. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला साधारण २८ ग्रॅम कार्ब असतात. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम भात घातला की १४ ग्रॅम झाले, 'अ' डब्याच्या दोन दिवसांहून जास्त. दूध-पोळीचंही तसंच, वर दुधातली लॅक्टोज साखर बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. आजीच्या काळातलं मांजर दूध-भातावर वाढलं हे खरं आहे, पण ते दिवसभर पेवात आणि माळ्यावर उंदरांवर जेवत होतं. गुंड्या तिसऱ्या मजल्यावर राहतो.

पाण्याचाही हिशेब इथेच होतो. 'अ'चे २५६ ग्रॅम म्हणजे सुमारे २०० मिली पाणी नकळत पोटात गेलं. 'क'च्या ७१ ग्रॅममधून जेमतेम सात मिली. ओल्या खाण्याचा हा फायदा कार्बपेक्षा कमी बोलला जातो, पण लघवीचा त्रास असलेल्या बोक्यांच्या बाबतीत मी त्याला कार्बच्या वर ठेवेन.

आलेला आकडा कितपत खरा?

चौकटीतले आकडे नीट वाचा. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर प्रथिनं आणि चरबीपुढे 'मिनिमम' लिहिलेलं असतं, तंतू आणि ओलाव्यापुढे 'मॅक्झिमम'. कंपनी इतकीच हमी देते की प्रथिनं याहून कमी नसतील आणि पाणी याहून जास्त नसेल. आत खरोखर किती आहे ते ती सांगत नाही. आपण मात्र हे किमान-कमाल आकडे खरे धरून वजाबाकी करतो, आणि चारही ठिकाणचा फरक शेवटी एकाच आकड्यावर येऊन बसतो, तो म्हणजे कार्ब. कोरड्या खाण्यात उत्तर ३६ असतं, त्यात एखाद्या टक्क्याने विशेष बिघडत नाही. ओल्या खाण्यात उत्तरच अडीच. तिथे एका टक्क्याची चूक म्हणजे सगळं चित्र पालटलं.

'अ'चंच घ्या. समजा प्रयोगशाळेत प्रत्यक्षात प्रथिनं ११.८, चरबी ६, तंतू ०.४, ओलावा ७८, राख २.३ निघाली. बेरीज ९८.५, कार्ब १.५. कॅलरींत वाटा ५.४ टक्के. लेबलवरून आपण ९.७ काढला होता.

'ब'मध्ये उलट होऊ शकतं. लेबल म्हणतं ओलावा जास्तीत जास्त ८२. प्रत्यक्षात ८० असला, प्रथिनं ८.३, चरबी २.८, तंतू ०.५ आणि राख २ असली, तर कार्ब ६.४ उरतात आणि कॅलरींतला वाटा ३० टक्क्यांना टेकतो. म्हणजे लेबलवरचा हिशेब कधी डब्याला उगाच वाईट ठरवतो, कधी उगाच चांगला. उत्तर १० आलं काय किंवा ११ आलं काय, त्यावरून दोन डब्यांत डावं-उजवं करू नका. १० आणि २४ मधला फरक मात्र धरायचा.

लेबलवर कॅलरी दिलेल्या असतील तर एक ताडून बघण्याची युक्ती आहे. डब्यावर 'किलोला ९७० किलोकॅलरी' लिहिलंय, म्हणजे शंभर ग्रॅमला ९७. आपलं गणित ८९.७५ म्हणतंय. सात किलोकॅलरी कुठून आल्या? बहुधा चरबीतून, कारण एका ग्रॅमला सगळ्यात जास्त कॅलरी तीच देते. चरबी लेबलपेक्षा जास्त असेल तर कार्ब आपण काढले त्याहून कमीच असणार. आमच्या वहीत अशा डब्यांपुढे मी उलटा बाण काढते.

तंतूंचाही घोळ आहे. 'क्रूड फायबर'च्या चाचणीत विरघळणारे तंतू जवळजवळ सापडत नाहीत. जेली आणि पाटे बांधून ठेवायला ग्वार गम, झँथन गम, कॅराजीनन असे डिंक घालतात. ते वजाबाकीत कार्बच्या खात्यात पडतात, पण मांजराच्या रक्तातली साखर स्टार्चसारखी चढवत नाहीत. म्हणून घटकांच्या यादीत स्टार्चचं नाव नाही, नुसते डिंक आहेत, आणि आकडा मात्र ३ आला, तर तो आकडा मी सैल हाताने घेते.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कंपनीला विचारणं. ग्राहक सेवेच्या पत्त्यावर इतकं लिहा: "या डब्याचं टिपिकल किंवा अॅव्हरेज अॅनालिसिस, अॅज फेड (म्हणजे पाण्यासकट, डब्यात आहे तसं), राखेसकट, आणि जमल्यास १०० किलोकॅलरीमागचे कर्बोदक व फॉस्फरस कळवा." सोबत डब्याचं पूर्ण नाव, चव आणि बॅच क्रमांक द्या. 'टिपिकल' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो नसला तर लेबलवरचेच आकडे परत टाइप होऊन येतात.

घटकांची यादी

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्यापूर्वीचं, पाण्यासकट असतं. पहिल्या पाच-सहा नावांत चिकन, यकृत, मासे, रस्सा अशी नावं असतील तर बरं. गव्हाचं पीठ, मक्याचा स्टार्च, मॉडिफाइड स्टार्च, तांदूळ, बटाटा, टॅपिओका, वाटाणे ही नावं दिसली की कार्ब कुठून आले ते कळलं. ग्रेव्ही दाट करायला बहुतेकदा यांतलंच काही घालतात. म्हणून सर्वसाधारणपणे पाटेत कार्ब कमी आणि ग्रेव्हीत जास्त. अपवाद असतात, त्यामुळे वजाबाकी टाळू नका.

'ग्रेन फ्री' या शब्दांना भुलू नका. गहू-मका काढून त्या जागी बटाटा आणि वाटाणे घातले तरी डब्यावर ते छापता येतं. बटाट्यात स्टार्च आहे, हे उपासाची खिचडी खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

कार्बपेक्षा दुसरं काही महत्त्वाचं असेल तर

मांजराचं मूत्रपिंड बिघडलेलं असेल, तर आधी फॉस्फरस बघा. कार्ब कमी असलेल्या, मांस-हाडांच्या पाटेत फॉस्फरस बराच असू शकतो. लेबलवर ०.३ टक्के दिसला तर किरकोळ वाटतो. तोच ७८ टक्के ओलाव्याच्या डब्यात कोरड्या हिशेबाने १.३६ टक्के होतो. प्रौढ मांजराची आफ्कोने सांगितलेली किमान गरज ०.५ आहे. अशा मांजराचा आहार डॉक्टर ठरवतील तोच.

वजन जास्त असेल, तर कार्ब कमी म्हणजे वजन कमी असं होत नाही. कार्ब कमी झाले की त्या जागी बहुधा चरबी येते, आणि तिच्या कॅलरी अडीचपट. 'अ' डबा मनसोक्त घातला तर मांजर त्यावरही लठ्ठ होईल. स्वयंपाकघरातला काटा काढा आणि ग्रॅम मोजून वाढा.

खाणं बदलताना

ही पायरी चुकली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून सावकाश वाचा.

मांजराला इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कमी कार्बचं खाणं सुरू करू नका. जुन्या खाण्यावर ठरवलेला इन्सुलिनचा डोस नव्या खाण्याला जास्त होतो, साखर एकदम खाली येते, मांजर लडखडतं, थरथरतं, झटके येऊन बेशुद्धही पडू शकतं. काही मांजरांची इन्सुलिनची गरज काही दिवसांतच खूप उतरते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी कार्ब, कमी तंतूंच्या डब्यांवर ठेवलेल्या मांजरांपैकी ६८ टक्के सोळा आठवड्यांनी इन्सुलिनशिवाय राहू लागली, तर मध्यम कार्ब आणि जास्त तंतूंच्या गटात ४१ टक्के. पण तिथवर पोचायचं तर बदलाच्या दिवसांत घरी ग्लुकोमीटरने कानाच्या कडेचं रक्त तपासत राहायचं आणि डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यायचा. साखर कमी झाल्याची लक्षणं दिसली तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि तसेच दवाखान्यात निघा. गुंड्यासाठी मधाची छोटी बाटली ओट्यावर, हाताशी असायची.

इन्सुलिन नसेल तर सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला. पहिल्या दिवशी जुन्या खाण्याशेजारी वेगळ्या बशीत चमचाभर नवं. मिसळून दिलं तर काही मांजरं दोन्ही सोडतात. फ्रीजमधून काढलेला थंडगार पाटे बहुतेकांना आवडत नाही, त्यात चमचाभर गरम पाणी घालून कालवा, वास सुटतो. घरचा कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र थेंबभरही नको, मांजराला तो विषारी आहे. उघडलेला डबा झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांत संपवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात बशीत तासाभराहून जास्त राहिलेलं टाकून द्या.

जन्मभर कोरडं खाल्लेलं मांजर ओल्याकडे ढुंकून बघत नाही असंही होतं. कोरडे दाणे खलबत्त्यात कुटून पाटेवर भुरभुरा आणि आठवड्या-आठवड्याने ती भुकटी कमी करत जा. गुंड्याला यात पाच आठवडे लागले. "भूक लागेल तेव्हा खाईल" असं म्हणून त्याला उपाशी मात्र ठेवू नका. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचून यकृत बंद पडायला लागतं. चोवीस तासांत त्याने काहीच तोंडात घेतलं नाही, तर जुनं खाणं परत पुढे ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन घेणारं मांजर एक जेवण जरी सोडून बसलं, तरी पुढची सुई टोचण्याआधीच फोन करा.